कॉम्रेड, इतिवृत्तात माझं नाव कुठंय?

डाव्या पक्षांत, युनियनांत आणि पुरोगामी संघटनांत बायांना मिळणारी वागणूक या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. पत्रं लिहिणाऱ्यांची आणि त्यांच्या संघटनांची नावं काढली आहेत, मजकूर थोडा आवरला आहे. बाकीच्या पक्षांत सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. पण ज्यांनी समतेचा जाहीरनामा स्वतःच छापलाय त्यांच्याकडे हिशेब मागणं जरा सोपं जातं, त्यांचाच कागद पुढे करता येतो.

प्रश्न : तालुका कमिटीवर चार वर्षं आहे. अकरा जणांत मी एकटी बाई. बैठक रात्री नऊला. इतिवृत्त दरवेळी माझ्याकडे, ‘तुमचं अक्षर चांगलं’ म्हणून. मी मांडलेल्या मुद्द्यावर कुणी मान वर करत नाही. तोच मुद्दा पंधरा मिनिटांनी एखादा भाऊ बोलला की ‘कॉम्रेड अगदी बरोबर बोलले’. आवाज चढवला तर ‘व्यक्तिगत घेऊ नका ताई’. काय करावं? (नाशिक जिल्हा)

इतिवृत्ताची वही सोडायची आहेच, पण लगेच नको. आधी तीन महिने ती वापरून घ्या.

आपल्याकडची इतिवृत्तं ‘चर्चा होऊन असे ठरले की’ या एका वाक्यावर चालतात. कोण काय बोललं त्याचा पत्ता नसतो, आणि तुमचा मुद्दा नेमका तिथेच दुसऱ्याच्या नावावर जातो. यापुढे प्रत्येक विषयाखाली चार ओळी लिहा. उदाहरणार्थ : ‘विषय ४. रेशन दुकानात अंगठा न जुळणाऱ्या वृद्धांची यादी. मांडणी : कॉ. (तुमचं नाव). पाठिंबा : कॉ. अमुक. काम कुणाकडे : कॉ. तमुक, १५ तारखेपर्यंत.’ पुढच्या बैठकीत सुरुवातीला हे मोठ्यानं वाचा आणि कायम करून घ्या. एकदा कायम झालेलं इतिवृत्त नंतर कुणाला नाकारता येत नाही. कुणी म्हणेल, ‘नावं कशाला? आपण सामूहिक निर्णय घेतो.’ त्यावर म्हणायचं, निर्णय सामूहिकच आहे, काम मात्र एकेकट्याच्या अंगावर पडतं, म्हणून नावं.

तीन महिन्यांनी पानं मोजा. किती विषय तुम्ही मांडले, त्यातल्या कितींची जबाबदारी तुमच्याकडे आली, जिल्ह्याच्या बैठकीला कोण गेलं आणि चहा, हॉल, सतरंज्या कुणाकडे होत्या. हे आकडे तोंडी सांगू नका, अर्ध्या पानावर लिहून विषयपत्रिकेत घाला. बैठकीच्या दोन दिवस आधी सचिवाकडे द्या आणि एक अनुमोदक आधी गाठून ठेवा. ‘व्यक्तिगत’ हा शब्द आकड्यांसमोर फार टिकत नाही.

मग पाळी मागा. इतिवृत्ताची पाळी आडनावाच्या अक्षरक्रमानं लावायची. ती बहुधा तिसऱ्या बैठकीला मोडते, कारण ज्याची पाळी तो नेमका येत नाही आणि वही पुन्हा तुमच्या मांडीवर येते. म्हणून नियमातच लिहा, की गैरहजर राहणाऱ्याची पाळी पुढच्या बैठकीवर जाईल आणि त्या दिवशी अध्यक्ष लिहील. अक्षर वाईट असेल त्यानं मोबाइलवर टाइप करावं.

बोलण्याची यादी अध्यक्षाच्या हातात कागदावर हवी. जो एकदाही बोलला नाही त्याचा नंबर दुसऱ्यांदा बोलणाऱ्याच्या आधी, आणि प्रत्येकाला तीन मिनिटं. हे करूनही फरक पडत नसेल तर सचिवाच्या अहवालाला घड्याळ लावा. आंतरराष्ट्रीय परिस्थितीपासून निघालेला अहवाल तालुक्यात पोचेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असते. ती एसटी चुकली तर घरी उत्तरं द्यावी लागतात ती बाईला. अहवालाला वीस मिनिटं पुरे, उरलेला लेखी वाटा. रात्री नऊऐवजी रविवारी चार ते सहा मागा. शेतीच्या हंगामात ते जमणार नाही म्हणतील, तर हंगामापुरती वेगळी वेळ ठरवा पण लिहून ठरवा.

राहिली एकटेपणाची गोष्ट. अकरांत एक बाई असली की ती ‘बायांच्या वतीनं’ बोलते असं धरलं जातं. तिघी झाल्या की त्या आपसांत मतभेद दाखवू शकतात, आणि मग त्यांना माणूस म्हणून ऐकलं जातं. पुढच्या अधिवेशनात स्वतःसाठी वरची जागा मागण्याआधी आणखी दोघींची नावं सुचवा.

प्रश्न : विद्यार्थी-युवक आघाडीची पूर्णवेळ कार्यकर्ती आहे, वय २४. राज्य पातळीवरचा एक नेता रात्री अकरानंतर मेसेज करतो. आधी पुस्तकांबद्दल, मग ‘एकटीच आहेस का’. शिबिरात खांद्यावर हात, पाठीवर हात. सचिवांना सांगितलं. ते म्हणाले, पक्षात लिहून दे, बाहेर जाऊ नको, पोलीस हे सत्ताधारी वर्गाचं हत्यार आहे. लैंगिक छळाचा कायदा आम्हाला लागतो का? (पुणे)

निव्वळ पक्षसदस्य म्हणून लागत नाही. केरळ उच्च न्यायालयानं मार्च २०२२ मध्ये सांगितलं, की पक्ष आणि सदस्य यांच्यात मालक-नोकर नातं नाही, त्यामुळे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातली, तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती पक्षांवर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयानंही सप्टेंबर २०२५ मध्ये त्यात हात घालायला नकार दिला. आमच्या मते ही कायद्यातली मोठी फट आहे. काही डाव्या पक्षांनी स्वतःहून समित्या केल्या आहेत, पण त्या मनाच्या मोठेपणावर चालतात.

तरी लगेच हात टेकू नका. तुमचं मानधन कुठून येतं ते बघा. पक्षाशी जोडलेला ट्रस्ट, साप्ताहिक, प्रकाशन, संशोधन केंद्र किंवा संस्था तुम्हाला कामावर ठेवत असेल तर ते कामाचं ठिकाण ठरू शकतं. या कायद्यातली ‘कर्मचारी’ची व्याख्या रुंद आहे, बिनपगारी आणि स्वयंसेवक म्हणून काम करणारेही तिच्यात येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावर असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे मिळतो. तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. पक्षातले ज्येष्ठ ‘थोडं थांब, अधिवेशन होऊन जाऊ दे’ म्हणतात तेव्हा ही तारीख डोळ्यांसमोर ठेवा. अधिवेशनं लांबतात, तीन महिने लांबत नाहीत.

फौजदारी कायदा मात्र पक्ष, ट्रस्ट असा भेद करत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाचं. नको असताना केलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी यांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा. निव्वळ अश्लील शेरेबाजीला एक वर्षापर्यंत. यातली मेख अशी, की जास्तीत जास्त शिक्षा एक वर्षाची असेल तर न्यायालयानं दखल घेण्याची मुदतही एक वर्षच असते, तीन वर्षांची असेल तर तीन वर्षं. शेरेबाजीची तक्रार दीड वर्ष पक्षात फिरत राहिली तर बाहेरचं दार बंद झालेलं असू शकतं. पाठलागाचं कलम ७८ पुन्हापुन्हा मेसेज करण्यालाही लागतं, पण बाईनं नापसंती स्पष्ट दाखवलेली असावी लागते. म्हणून आज एकदाच, दोन ओळींत लिहा : ‘कामाशिवायचे मेसेज मला करू नका. रात्री मेसेज करू नका.’ ‘सर’, ‘सॉरी’, हसरा चेहरा यातलं काही नको. त्यानंतर उत्तर देऊ नका.

पुरावा असा सांभाळा. त्या चॅटमधले आपोआप नाहीसे होणारे मेसेज बंद करा. स्क्रीनशॉट काढाच, पण त्यावर विसंबू नका. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा आणि मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते देताना मूळ उपकरणाचा संबंध येतो. शिबिरातल्या प्रसंगांची तारीख, जागा आणि शेजारी कोण होतं हे एका वहीत लिहा. ज्या मैत्रिणीला त्या रात्री फोन केला तिचं नावही लिहा. एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. या कलमांसाठी जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो आणि प्रत फुकट मिळते. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना, शहरात आयुक्तालयाला, टपालानं पाठवा.

‘पोलीस हे सत्ताधारी वर्गाचं हत्यार’ याविषयी. हेच सचिव मोर्चावर दगड पडला, कार्यालयात चोरी झाली की ठाण्यात जातात. त्यांना ते मुद्दाम विचारा.

आता पक्षात तक्रार द्यायचीच असेल तर आधी समिती कशी आहे ते लेखी विचारून घ्या. ब्रिटनमधल्या सोशलिस्ट वर्कर्स पार्टीत हे जसं बिघडलं तसं आपल्याकडेही बिघडू शकतं. तिथे राष्ट्रीय सचिव राहिलेल्या माणसावर बलात्काराचा आरोप झाला. पक्षानं चौकशी आपल्याच ‘वाद समिती’कडे दिली. समितीतले बहुतेक त्याला वर्षानुवर्षं ओळखणारे, बरोबर काम केलेले. तक्रार करणाऱ्या बायांना आधीच्या संबंधांबद्दल आणि दारू पिण्याबद्दल विचारलं गेलं. समितीनं आरोप सिद्ध होत नाही म्हटलं, आणि जानेवारी २०१३ च्या अधिवेशनात तो अहवाल २३१ विरुद्ध २०९ मतांनी मंजूर झाला, १८ जण तटस्थ. बलात्काराच्या आरोपाचा निकाल हात वर करून लागला. त्यानंतर शेकडो सदस्य बाहेर पडले.

तेव्हा समितीत निम्म्याहून जास्त बाया हव्यात आणि अध्यक्ष बाईच. निदान एक सदस्य पूर्ण बाहेरची, पक्षाच्या कुठल्याही आघाडीत नसलेली. ‘आपल्या विचारांची वकीलबाई’ म्हणजे बाहेरची नव्हे. आरोपीच्या कमिटीतला, त्याच्या हाताखालचा किंवा त्याच्या घरातला कुणी नको, आणि तिघांपेक्षा कमी जणांनी सुनावणी घेऊ नये. तुम्ही दिलेलं त्याला दाखवणार असतील तर त्यानं दिलेलं तुम्हालाही दिसलं पाहिजे. मुदत ९० दिवस, कायद्यातलीच उचला. चौकशी चालू असताना तो शिबिरं घेणार नाही, व्यासपीठावर येणार नाही, आणि तुमची बदली तुम्ही मागितल्याशिवाय होणार नाही. बहुतेक ठिकाणी उलट घडतं, मुलीला ‘ग्रामीण भागात कामाची गरज’ सापडते. तडजोड तुम्ही स्वतः मागितली तरच, आणि पैशांवर तर नाहीच. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तो खोटा ठरला असं नाही, हे कायद्यातही लिहिलेलं आहे. तुमच्या पक्षाच्या घटनेत नसेल तर घालून घ्या.

पक्षाच्या चौकशीनं पोलिसांकडे जायचा तुमचा हक्क जात नाही. ‘बाहेर जाणार नाही’ असं कुठल्याही कागदावर लिहून देऊ नका.

प्रश्न : वय ७८. गिरणगावात आमच्या आया-बहिणी संपात पुढे होत्या, तेव्हा असलं कुणी बोललं नाही. आता प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर. विरोधकांच्या हाती कोलीत कशाला द्यायचं? (परळ)

पुढे होत्या हे खरंच. १९२८-२९ च्या संपांत गिरणीच्या दाराशी उभं राहून फितुरांना अडवण्यात बाया होत्या. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई असे, बहुतेक वाइंडिंग आणि रिलिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. नंतर यंत्रं बदलली. रात्रपाळीत बायांना मनाई होती, बाळंतपणाच्या लाभाचा कायदा १९२९ ला आला तो मालकांना खर्च वाटला. खाती आकसली आणि पहिला घाव बायांवर पडला. १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत बाई अगदी विरळा झाली होती. पुरुषांच्या नोकऱ्यांसाठी जेवढे संप झाले तेवढे या जागांसाठी झाले नाहीत. घराला पुरेल असं वेतन पुरुषाला मिळावं या मागणीत बाईनं घरी बसणं धरलेलंच होतं.

आणि बोललं नाही असंही नाही, विचारलं नाही असं म्हणावं. कम्युनिस्टांनी चालवलेला तेलंगणाचा सशस्त्र शेतकरी लढा १९५१ मध्ये मागे घेतल्यावर ज्या बाया बंदुकी घेऊन जंगलात होत्या त्यांना घरी जा, संसार करा असं सांगण्यात आलं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं त्यांच्या मुलाखती घेतल्या त्या ऐंशीच्या दशकात, तीस वर्षांनी. तोवर त्यांच्यापाशी जाऊन कुणी बसलंच नव्हतं.

कोलीताबद्दल एवढंच. पक्षनिधीत अफरातफर झाली तर आपण हिशेब तपासतो, दोषी असेल त्याला काढतो आणि ते छापतोही. त्यानं बदनामी झाली असं कुणी म्हणत नाही. कोलीत खरं दिलं जातं ते दडपल्यानं. केरळमध्ये २०२० साली राज्य महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा, स्वतः डाव्या पक्षाच्या ज्येष्ठ नेत्या, जाहीरपणे म्हणाल्या की त्यांचा पक्ष हेच न्यायालय आणि हेच पोलीस ठाणं आहे. ते एक वाक्य विरोधकांना कित्येक दिवस पुरलं, आणि ते कुठल्या तक्रारदार मुलीनं दिलेलं नव्हतं.

प्रश्न : आमच्यात स्वतंत्र महिला आघाडी आहे. मग मुख्य कमिटीत बायांचा आग्रह कशाला? (अहिल्यानगर)

आघाडीचं बजेट किती आणि तिची प्रमुख कोण नेमतं, हे आधी सांगा. दोन्हीचं उत्तर ‘जिल्हा सचिव’ असेल तर ती आघाडी म्हणजे सचिवाचं एक खातं. सोव्हिएत रशियात बोल्शेविकांनी १९१९ मध्ये स्त्रियांचा वेगळा विभाग काढला, झेनोत्देल. १९३० मध्ये तो बंद केला, स्त्रीप्रश्न सुटला म्हणून. मुख्य कमिटीत माणसं नसली की तुमचा प्रश्न सुटल्याचा ठराव दुसरेच करतात.

आपल्याकडचा हिशेबही बघा. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष १९६४ चा, त्याच्या पॉलिट ब्यूरोत, म्हणजे सर्वांत वरच्या नेतृत्वात, पहिली बाई २००५ मध्ये, वृंदा करात. त्याआधी १९९८ मध्ये बायांना जागा कमी म्हणून त्यांनी केंद्रीय समितीत बसायला नकार दिला होता. २०२५ च्या मदुराई अधिवेशनानंतर पॉलिट ब्यूरोच्या १८ जणांत दोघी आहेत, त्यातल्या मरियम ढवळे महाराष्ट्रातल्या. भारतीय कम्युनिस्ट पक्षाची शंभरी झाली, सरचिटणीसपदी अजून बाई नाही.

प्रश्न : आमच्या विडी कामगार युनियनमध्ये सभासद ८००, त्यात ७०० वर बाया. कार्यकारिणी १५ जणांची, त्यात बाया दोन. पुढे या म्हणून सांगतो, येत नाहीत. जबरदस्ती कशी करणार? (सोलापूर)

जबरदस्ती नको, पण ‘येत नाहीत’ हे वाक्य तपासून घ्या. सप्टेंबर २०१५ मध्ये केरळातल्या मुन्नारच्या चहामळ्यांत काय झालं ते लक्षात असू द्या. कंपनीनं बोनस २० टक्क्यांवरून १० वर आणला. पानं खुडणाऱ्या हजारो तमिळ बाया रस्त्यावर बसल्या, आणि तिन्ही मोठ्या युनियनांच्या पुरुष नेत्यांना त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही. त्यांचा राग कंपनीइतकाच युनियनवर होता. वर्गणी आमची, बोलणी तुमची, आणि तोडगा कंपनीचा, असं त्यांचं म्हणणं. ‘पेंपिळै ओरुमै’ म्हणजे बायांची एकी, असं नाव घेऊन त्या नऊ दिवस बसल्या. शेवटी ८.३३ टक्के बोनस आणि ११.६७ टक्के सानुग्रह असे मिळून २० टक्के घेतले. ‘पुढे येत नाहीत’ हे त्यांच्याबद्दलही म्हटलं जात असणारच.

तुमच्याकडे अडतं कुठे? बैठक कधी असते? बाया पान-तंबाखू घेऊन येतात, घरी विड्या वळतात, मोजून जमा करतात, मग स्वयंपाक. संध्याकाळी सातला युनियन ऑफिसात बोलावलं तर कोण येईल? माल जमा करायच्या ठिकाणी, जमा करायच्या दिवशी, तासाभराची बैठक घ्या. पाळणाघर वगैरे मोठं काही नको, दोन पोरी आणि एक सतरंजी पुरते.

मग बोलणी. मालकासमोर बसणाऱ्या पथकात निम्म्या बाया घ्या आणि एकटीला कधीच पाठवू नका, जोडीनं पाठवा. पहिल्या दोन फेऱ्या त्या ऐकतील, तिसरीत एक मुद्दा त्यांच्याकडे द्या. आधी ठरवून द्या, जसं खराब म्हणून बाजूला काढल्या जाणाऱ्या विड्यांचा. तंबाखू वजनात किती कमी पडते, पानात किती पान फाटकं निघतं आणि हजारामागे किती विड्या मारल्या जातात हे त्यांना बोटांवर पाठ असतं. पुरुष पुढाऱ्याला ते कागद बघून सांगावं लागतं. त्यांना येत नसतं ते वेगळं : महागाई भत्त्याचा हिशेब, भविष्यनिधीचं पासबुक, करारातली कलमं. ते शिकवायला दर आठवड्याला दीड तास असे सहा आठवडे पुरतात. शिकवताना त्यांचंच पासबुक घ्या, फळ्यावरचं काल्पनिक नको.

पदांत एक फसवणूक चालते. बायांना उपाध्यक्षपदं देतात. ते हारासाठी असतं. खजिनदारपद द्या, आणि बँकेत तीनपैकी दोन सह्या ठेवून त्यात एक तिची. दुसरी फसवणूक, पुढाऱ्याचीच बायको किंवा सून ‘महिला प्रतिनिधी’ होते. वस्तीनिहाय नावं मागवा, गुप्त मतदान घ्या आणि एका पदावर दोन मुदतींची मर्यादा घाला, ती सध्याच्या सरचिटणीसालाही. या शेवटच्या शब्दापाशी गाडं अडेल, तयारीनं जा.

तुमच्या जवळ कुंभारीला विडी कामगारांच्या दहा हजार घरांच्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. १९४५ च्या वारली आदिवासींच्या उठावात त्या होत्या. अखिल भारतीय किसान सभा या डाव्या शेतकरी संघटनेच्या अध्यक्षपदी त्या आल्या १९८६ मध्ये, सभा स्थापन होऊन पन्नास वर्षं झाल्यावर, आणि त्या पदावरची ती पहिली बाई.

प्रश्न : नवरा पूर्णवेळ कार्यकर्ता. मानधन सात हजार, तेही कधी दोन महिन्यांनी. घर माझ्या शिवणकामावर चालतं. सत्कारात त्यांच्या त्यागाचं कौतुक होतं, मला ‘वहिनींची साथ’ म्हणून नारळ. भांडण मांडायचं नाही, पण काही मागता येईल का? (कोल्हापूर)

येईल, आणि संघटनेकडूनच मागा. नवऱ्याशी बोलून हे सुटत नाही, कारण ठरवणारी कमिटी असते.

आधी एक महिना हिशेब लिहा. भाडं, वीज, किराणा, शाळा, औषध, त्यांचं पेट्रोल आणि मोबाइल; समोर कुणाचे किती. चळवळीची माणसं किती वेळा जेवली तेही लिहा. समजा खर्च २३ हजार, त्यांच्याकडून सात, तुमच्याकडून सोळा. म्हणजे पक्षाला पूर्णवेळ माणूस मिळतो त्याचे दोन तृतीयांशाहून जास्त पैसे तुम्ही देता. हा कागद कमिटीपुढे ठेवायला त्यांनाच सांगा.

मागण्या मोजक्या ठेवा. मानधन ठरल्या तारखेला बँकेत, अर्धं तुमच्या खात्यावर. पूर्णवेळ राहण्याचा फेरविचार दर वर्षी, त्या बैठकीत तुम्ही हजर. रात्री-अपरात्री मोटारसायकलवर फिरतात तर अपघात विमा आणि आरोग्य विमा संघटनेच्या खर्चानं, वारस म्हणून तुमचं नाव. जेवायला माणसं आणायची तर संध्याकाळी पाचच्या आत निरोप आणि ताटामागे ठरलेली रक्कम निधीतून. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ते मुलांजवळ, आणि ते त्यांच्या डायरीत बैठकीसारखं लिहिलेलं. निवडणूक किंवा संप आला की हे सगळं ‘दोन महिन्यांपुरतं’ थांबतं आणि परत सुरूच होत नाही. म्हणून बुडालेल्या संध्याकाळी मोजून ठेवा, पुढच्या महिन्यात वसूल करा.

तुमच्यासाठी एक : असंघटित कामगारांची श्रमयोगी मानधन पेन्शन योजना, साठीनंतर महिना ३,००० रुपयांची, फक्त १८ ते ४० वयातच सुरू करता येते आणि महिन्याची कमाई १५ हजारांपर्यंत लागते. वय बसत असेल तर आपल्या कमाईचा आकडा बघून घ्या आणि चाळिशीच्या आत नाव घाला. घर दोघांच्या नावावर आहे ना तेही बघा.

प्रश्न : मोर्चात निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करतो. दरवेळी बायांनाच द्यायला लावतात. मला ते खटकतं, पण पेपरात फोटो त्याचाच येतो. पर्याय सांगा. (परभणी)

खटकतंय ते बरोबर आहे. बांगड्या भरलेला हात दुबळा, असं तुमच्याच हातानं सांगायला लावतात, आणि त्याच हातांनी सकाळी दोनशे भाकऱ्या थापून मोर्चाला दिलेल्या असतात.

फोटोची सोय करा. त्या अधिकाऱ्याला आजवर दिलेली निवेदनं काढा, पोचपावतीच्या शिक्क्यासकट. तारखा मोठ्या अक्षरांत तीन बाय सहाच्या फ्लेक्सवर छापा, प्रत्येक तारखेसमोर ‘उत्तर : नाही’. तो फ्लेक्स चार बायांनी धरून त्याच्या टेबलापुढे उभं राहायचं आणि रकाना त्याला मोठ्यानं वाचायला सांगायचा. आवाजच हवा असेल तर मुंबईत १९७२ पासून महागाईविरोधी समितीच्या बायांनी लाटणी आणि थाळ्या घेऊन मोर्चे काढले, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी पुढे. लाटणं रोज हातात असतं आणि ते कुणाला कमी लेखत नाही. फक्त थाळ्या स्टीलच्या घ्या, ॲल्युमिनियमच्या वाजत नाहीत.